दिल्लीचा कागद आणि गावचा ठराव



गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या शेतातून राष्ट्रीय महामार्ग जाणार म्हणतात. माणसे आली, विहिरीशेजारी खुणा करून गेली. घरधनी सरपंचांकडे गेले, तर सरपंच म्हणाले, "दादा, हे काम दिल्लीचं. तिथं आपली पंचायत काय करणार?" ताई विचारतात, "मग पंचायत काय नुसती दिवाबत्तीला आणि घरपट्टीलाच आहे का?"

ताई, प्रश्न लाखमोलाचा आहे. आधी खरे ते सांगतो. महामार्गासाठी जमीन घेतली जाते ती १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने. त्यात ग्रामसभेची संमती लागत नाही. एक ठराव केला की रस्ता अडला, असे कोणी सांगत असेल तर भरवसा ठेवू नका.

पण संमती लागत नाही म्हणजे शेतकऱ्याला तोंडच नाही, असेही नव्हे. १९७८ च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला हे खरे. तरीही घटनेचे कलम ३००-अ सांगते की, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. सरकार दिल्लीचे असो की मुंबईचे, त्याला कायद्याच्या वाटेनेच यावे लागते.

ती वाट अशी. कलम ३-अ ची अधिसूचना राजपत्रात निघते. तिचा मजकूर दोन वर्तमानपत्रांत द्यावा लागतो, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. राजपत्राच्या तारखेपासून २१ दिवसांत जमिनीशी हितसंबंध असलेल्या कोणालाही लेखी हरकत घेता येते, आणि सक्षम अधिकाऱ्याला त्याचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. नुसत्या खुणा झाल्या म्हणजे जमीन गेली असे नाही. पण अधिसूचना निघून गेली असेल, तर ताई, तुमचे दिवस आजही सरत असतील.

आता सांगा, राजपत्र कोणाच्या घरी येते? वर्तमानपत्र आले तरी सुगीच्या दिवसांत बारीक अक्षरांतले गट नंबर वाचायला कोणाला सवड असते? २१ दिवस असेच निघून जातात, आणि मग तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या तरी उपयोग नसतो.

इथेच पंचायतीचे काम सुरू होते. सरपंचांनी प्रांत कचेरीतून अधिसूचना आणावी, चावडीवर लावावी, दवंडी द्यावी आणि कोणाचा कोणता गट जातो ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. ज्याला लिहिता येत नाही त्याची हरकत पंचायतीत बसून लिहून द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय कोणी परत फिरू नये. विहीर, पाइपलाइन, फळझाडे, गोठा यांची नोंद आपली आपण करून ठेवावी. बैलगाडीची वाट कुठून जाणार, ओढ्याचे पाणी कुठे वळणार, हे गावाचे प्रश्न ठरावात घालून वर पाठवावेत. ठराव रस्ता अडवणार नाही, पण गाव गप्प बसले होते असे उद्या कोणाला म्हणता येणार नाही.

गावाचे बोलणे दिल्लीपर्यंत पोचते का? ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण निघणार होती. तिथे डोंगरिया कोंध आदिवासी राहतात. तो भाग अनुसूचित क्षेत्रातला, शिवाय वनहक्क कायदा २००६ चा आधार, म्हणून तिथल्या ग्रामसभेचे बळ आपल्यापेक्षा जास्त. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवा. त्या पावसाळ्यात जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली १२ गावांत सभा झाल्या. बाराही गावांनी 'नाही' म्हटले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खाणीला परवानगी नाकारली. त्या माणसांकडे पैसा नव्हता, वशिला नव्हता. सभेला ती आली, बोलली, आणि जे बोलली ते कागदावर उतरले.

आपल्याकडे सभेला कोरम म्हणून १०० माणसे किंवा मतदारांपैकी १५ टक्के, जी संख्या कमी असेल तेवढी लागतात. तेवढीही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती तर पुष्कळ ठिकाणी रजिस्टरातच भरते. भगिनींनो, त्या सभेला जा. सातबारावर नाव कोणाचेही असो, त्या विहिरीचे पाणी तुम्हीच वाहिले आहे.

आणि सरपंच, तुम्हाला मत गावाने दिले, दिल्लीने नाही. गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील म्हणत. पण गावाला आधी कोणीतरी हाक मारावी लागते. ती हाक तुमची हवी, आणि २१ दिवसांच्या आत हवी.

ताई, हा अंक ठेवून द्या आणि उद्याच घरधन्याबरोबर प्रांत कचेरीत जाऊन राजपत्राची तारीख पाहा. काय कळले ते आम्हाला कळवा.

रामराम.