प्रव्रज्या आईवडिलांची, शिक्षा मुलांना

टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला गेला, त्या घटनेला २० मार्च २०२५ रोजी तीस वर्षे झाली. त्यानंतर पाचच दिवसांनी टोकियो जिल्हा न्यायालयाने युनिफिकेशन चर्च या पंथाची धार्मिक संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. आपल्याकडे दोन्ही बातम्या कोपऱ्यात आल्या आणि गेल्या. पण दोन्ही प्रकरणांच्या मुळाशी घर आहे, आणि पहिल्या प्रकरणात तर आपले शब्द वापरले गेले आहेत. म्हणून आपण बौद्धांनी ते नीट समजून घ्यायला हवे.

सरीन सोडणारा पंथ म्हणजे ओम शिनरिक्यो. त्याचा प्रमुख शोको असाहारा, मूळ नाव चिझुओ मात्सुमोतो. १९८४ साली योगवर्गापासून सुरुवात करून त्याने काही वर्षांत हजारो अनुयायी जमवले. १९८७ साली तो धरमशाळेला जाऊन दलाई लामांना भेटला आणि त्या भेटीचे फोटो जपानमध्ये प्रचारासाठी वापरले. पंथातल्या वरिष्ठांना त्याने मैत्रेय, मंजुश्रीमित्र अशी नावे दिली. माणूस मारण्यालाही त्याच्याकडे तिबेटी साधनेतला एक शब्द होता, म्हणजे खून नव्हे तर समोरच्याच्या चित्ताला वरच्या लोकात पाठवणे! रेल्वेतल्या हल्ल्यात चौदा जणांचा जीव गेला आणि सुमारे सहा हजार लोक बाधित झाले. असाहारा आणि त्याच्या बारा साथीदारांना जुलै २०१८ मध्ये फाशी झाली. हा भाग बहुतेकांना माहीत असतो.

कमी माहीत असलेला भाग घरांचा आहे. ओममध्ये पूर्णवेळ साधक होण्याला 'शुक्के' म्हणत. जपानी बौद्ध परंपरेतला हा जुना शब्द, अर्थ घर सोडणे, म्हणजे आपली प्रव्रज्या. हजाराहून अधिक लोकांनी ती घेतली. घेताना घर, बचत, जमीन सगळे पंथाच्या नावे करायचे आणि नातेवाइकांशी संबंध तोडायचे. पण कित्येक जण एकटे गेले नाहीत. नवराबायको लेकरांसह गेले. आत गेल्यावर कुटुंब कुटुंब उरत नसे. मुले वेगळी ठेवली जात, शाळा बंद. आई ही आई न राहता फक्त आणखी एक साधक होई, कारण मुलावरची माया हीच आसक्ती, असे शिकवले जाई.

एप्रिल १९९५ मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी गावातल्या पंथाच्या वसाहतीतून सरकारी बालसंरक्षण यंत्रणेने ५३ मुले बाहेर काढली. देशभरात अशी शंभराहून अधिक मुले निघाली. अनेकांची वाढ वयाच्या मानाने खुंटलेली होती. काहींच्या डोक्यावर तारा जोडलेली टोपी होती. गुरूच्या मेंदूतल्या लहरी तिच्यातून आपल्या मेंदूत येतात, अशी पंथाची समजूत.

ही मुले स्वतःहून तिथे गेली नव्हती. यातला अन्याय आपल्याला अधिक स्पष्ट दिसायला हवा, कारण आपल्याकडे राहुलची गोष्ट आहे. तथागत कपिलवस्तूला आले, तेव्हा सारिपुत्तांनी राहुलला प्रव्रज्या दिली. ते कळल्यावर शुद्धोदन व्याकुळ झाले. आधी मुलगा गेला, आता नातूही. त्यांनी विनंती केली की यापुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला दीक्षा देऊ नये. तथागतांनी ती मान्य केली आणि तसा विनयाचा नियम झाला. एका म्हाताऱ्या आजोबाचे दुःख ऐकून संघाने आपला नियम बदलला, ही साधी गोष्ट नाही. मात्र आईवडील स्वतःच मुलाला घेऊन निघाले तर काय, याचे उत्तर त्या नियमात नाही. ओममध्ये तेच घडले. मागे राहिलेल्या नातेवाइकांचे ऐकणारे तिथे कोणी नव्हते. अशा कुटुंबांची बाजू घेणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो यांचा पंथाने नोव्हेंबर १९८९ मध्ये पत्नी आणि एक वर्षाच्या मुलासह खून केला. तिघांचे मृतदेह सापडायला १९९५ उजाडले.

बाहेर आल्यावर तरी सुटका झाली का? बरीच मुले आजी-आजोबांकडे गेली. पण पुढची कित्येक वर्षे जपानमधल्या अनेक नगरपालिकांनी ओमच्या माणसांची रहिवासी नोंदणीच नाकारली. न्यायालयांनी नंतर ही अडवणूक बेकायदा ठरवली, तोवर व्हायचा तो त्रास झाला होता. असाहाराची एक मुलगी हल्ल्याच्या वेळी जेमतेम अकरा वर्षांची होती. बाप कोण ते कळल्यावर २००४ मध्ये विद्यापीठांनी तिचा प्रवेश रद्द केला. शेवटी एका विद्यापीठात ती न्यायालयाच्या आदेशाने शिकली. ज्या समाजात जन्मावरून दार बंद करण्याची रीत हजारो वर्षे चालली, त्या समाजातल्या माणसाला हे वाचून ओळखीचे वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसऱ्या प्रकरणात मूल बोलायला तीस वर्षे लागली, आणि ते बंदुकीने बोलले. ८ जुलै २०२२ रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची नारा शहरात हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्चला सुमारे दहा कोटी येन दिले होते आणि २००२ मध्ये ती दिवाळखोर झाली. हत्येचे समर्थन होऊच शकत नाही. पण त्यानंतर जपानमध्ये पंथात जन्मलेल्या 'दुसऱ्या पिढी'ने उघड बोलायला सुरुवात केली. डिसेंबर २०२२ मध्ये देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा झाला. त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. नरकाची भीती घालून मुलाला धर्मकार्याला जुंपणे, धर्माच्या नावाखाली त्याला शाळेतल्या कार्यक्रमांपासून तोडणे हा बालछळ आहे, असे सरकारने स्पष्ट लिहिले. माझ्या मते विसर्जनाच्या आदेशापेक्षा ही गोष्ट मोठी आहे. संस्था विसर्जित झाली तरी नाव बदलून चालते. ओमचेही तेच झाले.

आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी प्राण दिले. पण तो कृत्यांची यादी पाहतो. घरातले मूल हळूहळू शाळेतून, खेळातून, मामाच्या गावातून तोडले जाते, ते त्या यादीत बसत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे हा गुन्हा आहे, तेवढा धागा हातात आहे. पण महाराजांच्या आश्रमात मूल आहे म्हणून १०९८ वर फोन करणारा शेजारी मी अजून पाहिलेला नाही.

आणि आपण? बाबासाहेबांनी ठासून सांगितले की बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. तरीही एखादा माणूस दीक्षेतली नावे आणि पाली शब्द घेऊन विहारात आला, डोक्यावर हात ठेवून दुखणे घालवतो म्हणू लागला, तर आपल्यातले किती जण त्याला प्रश्न विचारतील? अशा कुटुंबाला परत आल्यावर आपण कसे वागवतो, हेही मी पाहते. 'तेव्हा सांगत होतो ना' म्हणणारे पुष्कळ, ताट वाढणारे थोडे.

सध्या आमच्या वस्तीत तेरा वर्षांची एक मुलगी आजीकडे राहते. आईवडील नोकरी सोडून, खोली विकून एका बाबाच्या मठात गेले, तिलाही नेले. दोन वर्षांनी आजी तिला घेऊन आली. शाळेला दाखला हवा, दाखल्याच्या अर्जावर वडिलांची सही हवी, आणि वडील म्हणतात की शाळा म्हणजे माया. बाल कल्याण समितीपुढे पुढच्या आठवड्यात तारीख आहे. परवा मुलगी मला म्हणाली, "ताई, समितीत आईला बोलावतील का? तिला शिक्षा नको. फक्त ती मला नावाने हाक मारायची, तशी मारायला सांगा."