पेट्रोल गाडी पीत नाही, पाय पितो

"काकाजी, गाडी लय पेट्रोल पिऊन रायली, काही तरी करा ना जी." भंडाऱ्यात गॅरेज चालवणाऱ्याला हे रोज ऐकावं लागतं, आणि बोलणाऱ्याच्या मागे उभी असलेली गाडी पाहिली की अर्धं निदान तिथंच होतं. खरीखुरी स्पोर्ट्स कार एमएच ३६ च्या पाटीवर क्वचितच दिसते. आपल्याकडची स्पोर्ट्स कार म्हणजे टर्बो पेट्रोलची हॅचबॅक, तिला चढवलेले रुंद अलॉय, अख्खा मोहल्ला उठवणारा सायलेन्सर आणि लॅपटॉप जोडून करून घेतलेला 'स्टेज वन' रीमॅप. शोरूमने १८ चं ॲव्हरेज सांगितलेलं असतं, हातात १० पडतं. मग दोष कोणाचा? पंपवाल्याचा, इथेनॉलचा, नाही तर माझा.

इथेनॉलचा हिशोब आधी चुकता करू, कारण ती तक्रार खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एक तृतीयांशाने कमी असते. २०२१ मध्ये नीती आयोगाच्या आराखड्यातच लिहिलं होतं की ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी उतरेल. ग्राहकाच्या खिशातून हे पैसे जातात आणि पंपावर दर काही उतरत नाही, याचा मला राग आहे. पण ७ टक्के म्हणजे १८ चे पावणेसतरा. पावणेसतराचे १० झाले, ते इथेनॉलने केले नाहीत.

शोरूमचा आकडाही जरा समजून घ्यावा. तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढतात, एसी बंद ठेवून, आणि त्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. मे महिन्यात आपल्याकडे एसी बंद ठेवून कोण जातो नागपूरला? तेव्हा १८ चे १५ झाले तर मी गाडीचं बोनेटसुद्धा उघडत नाही. १० मात्र पायाची करणी असते.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका पोट्ट्याला स्कॅनर जोडून शेजारी बसवलं आणि कारधाच्या पुलावरून लाखनीकडे निघालो. टॉप गिअर, ताशी ८०, पाय स्थिर. आकडा १९-२० वर. मग त्याला स्टेअरिंग दिलं. पुढे धानाची ट्रॉली दिसली की हा तिच्या ढुंगणापर्यंत रेस देत जायचा, करकचून ब्रेक मारायचा, मग खालचा गिअर टाकून पूर्ण एक्सलेटर. दर वेळी आकडा ५-६ वर. ओव्हरटेकला ५-६ पडणारच, त्यात गैर काही नाही. पण ज्या वेगासाठी पेट्रोल जाळलं तो पुढच्याच मिनिटाला ब्रेकच्या पॅडवर घासून टाकायचा, हा खेळ त्याने लाखनीपर्यंत खेळला. ट्रॉली तर लांबूनच दिसत होती. तेव्हाच पाय उचलला असता तर?

पाय उचलल्यावर काय होतं ते त्याला मी परतीच्या वाटेवर दाखवलं. गाडी गिअरमध्ये असताना एक्सलेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल शून्य. चाकंच इंजिन फिरवतात. तिथंच न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या जिवावर फिरावं लागतं आणि पेट्रोल परत सुरू होतं. पुलाच्या उतारावर न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवण्याची विद्या कार्बोरेटरच्या जमान्यातली आहे. ती बापाकडून पोराकडे आली, पण मधल्या काळात गाडी बदलली. त्यात ब्रेकवरचा ताण वाढतो तो वेगळा.

आता मॉडिफिकेशन. माझं मत माझ्याच धंद्यातल्या अनेकांना आवडणार नाही: यातल्या बऱ्याच वस्तू स्वतः फारसं पेट्रोल पीत नाहीत. महागडा एअर फिल्टर बसवून ॲव्हरेज वाढत नाही, कारण आत किती हवा आली हे इंजिनचा कॉम्प्युटर मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तर मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून पाहिले; आधुनिक गाड्यांच्या ॲव्हरेजला जवळपास काही झालं नाही. हलक्या पायाने चालवली तर रीमॅप केलेली गाडीही शहाण्यासारखी वागते. पण सायलेन्सर गरजायला लागला की तो ऐकायचा मोह होतो, रीमॅपचे पैसे मोजले की पिकअप दाखवायला मित्र लागतात. आणि पूर्ण एक्सलेटरवर टर्बो इंजिन इतकं तापतं की त्याला थंड ठेवायला कॉम्प्युटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओततो. ते नुसतंच वाया जातं, त्यातून पिकअपसुद्धा मिळत नाही.

अलॉयचं प्रकरण वेगळं. ती चाकं खरोखर पितात. जड चाक फिरवायला जोर लागतो, रुंद टायर रस्त्यावर जास्त घासतो. शिवाय त्यात एक गंमत आहे. मूळचा १८५/६० आर १५ काढून २०५/५५ आर १६ टाकला की चाकाचा व्यास जवळपास ५ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे गाडी १०० किलोमीटर पळाली तरी मीटर ९५ च दाखवतो, आणि ॲव्हरेज कागदावर आहे त्याहून वाईट दिसतं. वर स्पीडोमीटरचा काटाही कमी दाखवतो, त्यामुळे पोरगं ८० समजून ८४ ने जातं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची छोटी स्पोर्ट्स कार बनायची. दोन सीट, फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं १२०० सीसीच्या आतलं, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. आजची साधी हॅचबॅकही त्याहून ताकदवान असते. ती चालायची हलकेपणावर. आपले पोट्टे मात्र स्पोर्ट्स कार करायची म्हणून डिकीत वूफरचं खोकं टाकतात. आणि कायद्याचंही लक्षात असू द्या: आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल केले तर मोटार वाहन कायद्यात मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

वेगाचंही सांगतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे ११० केले की तो दुपटीच्या जवळ जातो. भंडारा ते नागपूर साधारण ६० किलोमीटर. ११० ने गेलात तर कागदावर १२ मिनिटं वाचतात. त्यातली निम्मी माथनीच्या टोलनाक्यावर जातात, उरलेली पारडीच्या गर्दीत.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र कोणालाच नको असतो. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून आपल्याकडे हवा कमी ठेवतात. उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, फुटण्याची शक्यता त्याचीच अधिक, आणि पेट्रोल जातं ते वेगळंच. सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी हवा भरा. पंपावरचं मशीन बिघडलेलं असेल तर गुमान निघून येऊ नका. फुकट हवा देणं पंपवाल्याला बंधनकारक आहे; तक्रारवही मागा आणि तिथंच लिहा.