कंबरेवरची जखम आणि 'वयाचंच आहे'

त्वचेचा कॅन्सर हा गोऱ्या लोकांचा आजार, असं सुशिक्षित माणसंही म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून बरंच वाचवतं, म्हणून उन्हामुळे होणारे कॅन्सर आपल्यात कमी. पण आपल्याकडे तो ऊन न लागणाऱ्या जागीही होतो. तळपायावर, भाजल्याच्या जुन्या व्रणात, आणि कंबरेवर.

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये दोन वयस्क स्त्रियांची माहिती दिली. एक सत्तरीची, परकराची नाडी आवळून बांधणारी. दुसरी साठीच्या पुढची, चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं घट्ट नेसणारी. दोघींच्या कंबरेवरची जखम भरेना. तपासणीत कॅन्सर निघाला, आणि दुसरीचा जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. लगेच 'परकरामुळे कॅन्सर' अशा बातम्या झळकल्या. दोष कापडाचा नव्हे, एकाच रेषेवर वर्षानुवर्षं पडणाऱ्या दाबाचा आणि घर्षणाचा. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती.

नाडीखालची कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, सोलते, चिघळते. घाम आणि धूळ भर घालतात. जखम भरायला पेशींना पुन्हा पुन्हा नव्या पेशी तयार कराव्या लागतात आणि दर वेळी जनुकांत चूक होण्याची शक्यता असते. तरुणपणी अशा चुका दुरुस्त होतात, बिघडलेली पेशी मारली जाते. म्हातारपणी ही राखण ढिली पडते, आणि तोवर चुकांचा साठाही बराच झालेला असतो.

माझी तक्रार मात्र नाडीपेक्षा मलमाबद्दल आहे. आजी सांगतात, 'खाज येते', आम्ही डॉक्टर लुगडं न सरकवता खरजेची ट्यूब लिहून देतो. मीही दिली आहे. घरचे म्हणतात, वयाचंच आहे. आजींनाही कंबर दाखवायची लाज वाटते. त्यात वर्ष जातं.

महिनाभरात न भरलेली, कडा उचललेली किंवा सहज रक्त येणारी जखम असेल, तर तिसरं मलम मागू नका, तुकडा तपासायला सांगा. जागा बधिर करून तो काढतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. आणि काळा पट्टा दिसू लागला असेल तर रुंद पट्ट्याचा परकर शिवून घ्या, नाडी रोज थोडी वर-खाली बांधा, रात्री सैल सोडा.