हिरकणीचा बुरूज आणि आमचे पुढारी

रायगडावरील हिरकणी बुरुजाची आख्यायिका आमच्या वाचकांपैकी कोणास ठाऊक नाही? गडाखालच्या वाडीतली एक गवळण दूध घालावयास वर गेली, सूर्यास्तास दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हे मूल आहे म्हणून ती माउली काळोखात कडा उतरून खाली गेली. महाराजांस हे कळले तेव्हा त्यांनी तिचा सन्मान केला, आणि ज्या जागेवरून ती उतरली तेथे बुरूज बांधविला. या कथेस कागदी पुरावा किती, हे पंडितांनी पाहावे. आमचे लक्ष तिच्यातील राजनीतीकडे आहे. जेथून बाई उतरली तेथून उद्या गनीम चढेल, हे राजाने ओळखले. तटातील उणीव एका गवळणीने दाखविली यात त्यास कमीपणा वाटला नाही, आणि ती भरून काढल्यावाचून तो स्वस्थ बसला नाही. दहशतवादाशी लढणारा पुढारी कसा असावा, याचा यापरता सोपा धडा आम्हांस माहीत नाही.

या विषयावर जुन्या वळणाच्या मंडळींचे एक ठाम मत आहे. ते म्हणतात, राज्यात वचक पाहिजे, कायदा कडक पाहिजे, पुढारी खंबीर पाहिजे; निरपराध माणसे मारणाराशी वाटाघाट कसली? आम्ही सुधारणेचे कैवारी खरे, तरी या मताचा अर्धा भाग आम्हांस पटतो, आणि तो उघड सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाही. रयतेच्या जिवाचे रक्षण हे राज्याचे पहिले काम. श्रीमंताच्या बंगल्यावर रखवालदार असतो. लोकलमध्ये लोंबकळत कामावर जाणारा गिरणीतला, बाजारात पाटी घेऊन बसलेली माळीण आणि फलाटावर गावच्या गाडीची वाट पाहत बसलेले कुटुंब यांस सरकारावाचून दुसरा रखवालदार नाही. म्हणून मारणाराच्या मनात कोणते दुःख होते याची चिकित्सा आधी आणि मेलेल्यांची चौकशी मागाहून, ही तऱ्हा आम्हांस मान्य नाही. गुन्हेगारास शासन झालेच पाहिजे.

परंतु मताचा जो दुसरा अर्धा भाग आहे, त्याविषयी आमची तक्रार आहे. मोठ्या आवाजात बोलणारा पुढारी सापडला की त्यालाच ही मंडळी खंबीर समजतात, आणि एकदा त्याच्या गळ्यात माळ घातली की त्याच्याकडे हिशेब मागणे म्हणजे देशद्रोह ठरतो. देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको, हे ज्या चळवळीने गावोगाव फिरून शिकविले, तिच्या लोकांनी पुढाऱ्याचे नवे देव्हारे मांडावे काय? खंबीरपणा पारखावयाचा तर गडाचा दरवाजा कोणी उघडा टाकला, तो पुढे बंद झाला की नाही, आणि चुकल्याबद्दल कोणी काय भोगले, हे पाहिले पाहिजे.

१९९३ साल घ्या. त्या वर्षाच्या आरंभी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीसारख्या ठिकाणी, शस्त्रे आणि आर.डी.एक्स. नावाची स्फोटक दारू होड्यांतून उतरविली गेली. ज्यांनी किनारा राखावयाचा, त्यांतल्या काही कस्टम अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी पैसे घेऊन डोळे मिटले. पेटीत चांदी आहे की दारू, हे लाच घेणारा पाहत नाही. १२ मार्च रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. पुढे खास न्यायालयाने जे दोषी ठरविले त्यांत हे सरकारी नोकरही होते. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात सरकारी कामगारांची लाच शेतकऱ्यास कशी नागविते हे दाखविले. तलाठ्याच्या कचेरीत आपल्या कनवटीचे चार पैसे काढून घेणारी लाच आणि समुद्राची वेस परक्यास उघडून देणारी लाच एकाच जातीची आहे. दहशतवादाशी लढतो म्हणणाऱ्या पुढाऱ्याने आधी आपल्या खात्यातील हा कीड लागलेला दाणा निवडावा.

पंधरा वर्षे गेली. एवढ्या काळात बुरूज बांधून झाला असेल असे कोणास वाटेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाकिस्तानातून आलेले दहा हत्यारबंद इसम पुन्हा समुद्रातूनच आले. वाटेत त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' नावाची मासेमारी बोट धरली, तिच्यावरील माणसे मारली, आणि रबरी होडीने ते कुलाब्याच्या बाजूस मच्छीमार नगरच्या किनाऱ्यास लागले. कोण, कुठले, म्हणून त्यांस पहिल्याने हटकले ते तेथील कोळी बांधवांनी. हिरकणीप्रमाणे त्यांनी तटाची उणी जागा पाहिली. परंतु ते बोलतील आणि राज्य तत्काळ हालेल, अशी सोयच नव्हती. तीन दिवस मुंबई जळत होती. १६६ जीव गेले.

त्या रात्री खंबीर कोण होते, याची यादी आमच्या वाचकांनी घरात मोठ्याने वाचावी. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाड्यांची सूचना देणारे विष्णू झेंडे आपल्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर लोकांस बाहेर पडण्याची वाट सांगत राहिले. कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी गर्भार बायांस सुरक्षित खोलीत नेऊन दार लावून घेतले. जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे, पूर्वी लष्करात आणि नंतर मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक, हे गिरगाव चौपाटीवर हातात लाठी घेऊन उभे होते. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, पोटात गोळ्या घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून तो एक मारेकरी जिवंत सापडला आणि कटाचा धागा हाती लागला. ओंबळे यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, ते योग्यच झाले. परंतु आम्ही विचारतो, शेतकऱ्याच्या पोराने मशीनगनपुढे लाठी घेऊन उभे राहावे, ही वेळ त्याच्यावर कोणी आणली? स्थानकावरच्या शिपायांच्या हाती जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका होत्या. खास कमांडो पथक दिल्लीजवळ मानेसरास. ते मुंबईस पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

आता पुढाऱ्यांकडे वळू. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख हे तिघेही आठ-दहा दिवसांत पायउतार झाले. पद सोडले हे चांगलेच; आमच्याकडे तेवढेही अनेकदा होत नाही. परंतु पुढे काय झाले? मे २००९ मध्ये विलासराव केंद्रात मंत्री झाले. नोव्हेंबर २००९ मध्ये आर. आर. पाटील पुन्हा त्याच गृहखात्यावर आले. जानेवारी २०१० मध्ये शिवराज पाटील पंजाबचे राज्यपाल झाले. राजीनामा हे प्रायश्चित्त असावयाचे. येथे ती सुट्टी ठरली. राम प्रधान समिती नेमली, तिने मुंबई पोलिसांच्या त्या रात्रीच्या कामाची चौकशी केली आणि पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वावर बोट ठेवले. ज्या मंत्र्यांच्या हाती खात्याची तिजोरी आणि लगाम होता, त्यांचा हिशेब कोणत्या चावडीवर वाचला गेला?

आणि हे तिघेही आमच्याच बहुजन समाजातले होते, हे आम्ही लपवीत नाही. आर. आर. पाटील गरिबीतून वर आले. गाडगेबाबांच्या नावाने त्यांनी चालविलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाचे कौतुक करावे तेवढे थोडे. तरीही आपल्या जातभाईस हिशेब माफ आणि दुसऱ्याच्या मात्र चुका मोजावयाच्या, हा न्याय असेल तर भटशाहीवर टीका करण्याचा आमचा अधिकार संपला.

पक्ष बदलला म्हणून रीत बदलली असेही नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मिरात पहलगामजवळच्या बैसरण कुरणात २६ माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले सहा प्रवासी होते. आणि प्रवाशांस वाचवू पाहणारा सय्यद आदिल हुसेन शहा हा घोडेवालाही होता, जो रोजच्या मजुरीवर घर चालवीत होता. मे महिन्यात आमच्या सैन्याने सीमेपलीकडील तळांवर मारा केला, जुलैत मारेकरीही मारले गेले. सैनिकांस आमचा मुजरा. परंतु शेकडो माणसे जेथे जातात त्या कुरणात पहारा का नव्हता? सुरक्षेत चूक झाली आणि तिची जबाबदारी आपली, असे तेथील उपराज्यपालांनी जुलै २०२५ मध्ये कबूल केले. कबुली चांगली. परंतु त्या कबुलीपायी कोणाची खुर्ची हालली नाही.

कडक कायद्याविषयीही दोन शब्द. टाडा आला आणि १९९५ साली गेला. पोटा आला आणि २००४ साली गेला. नावावरून भांडणे पुष्कळ झाली. कसाबचा खटला मात्र रीतसर चालला. २०१० साली खास न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यास त्यास फाशी झाली. पुरावा पक्का होता, म्हणून जगात कोणास बोट दाखविता आले नाही. याच्या उलट ११ जुलै २००६ चे लोकल गाड्यांतील स्फोट पाहा. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. २०१५ साली बारा जणांस शिक्षा झाली, आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सर्वांस निर्दोष ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पण एकोणीस वर्षांनीही मेलेल्याच्या विधवेस, आपला धनी कोणी मारला, याचे ठाम उत्तर मिळाले नव्हते. मालेगावच्या मागवाल्यांची हीच कथा. २००६ च्या तेथील स्फोटांत तीसहून अधिक माणसे गेली. नऊ मुसलमान पकडले, वर्षानुवर्षे कोंडले, आणि २०१६ साली त्यांच्यावरचे आरोप निघून गेले. २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात हिंदू आरोपी होते. जुलै २०२५ मध्ये तेही सातजण सुटले. आरोपी कधी या धर्माचे, कधी त्या धर्माचे. मेलेल्यांच्या घरी न्याय मात्र पोहोचला नाही. घाईने कोणास तरी धरून वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आणणे हा खंबीरपणा नव्हे. त्याने खरा मारेकरी मोकळा राहतो.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पोलिसांत तुमचीच मुले आहेत, पलटणीत तुमचीच, आणि फलाटावर मरणारेही तुमचेच. मग हिशेब मागणारे तुम्हीच असले पाहिजे. २००८ नंतर कोळी बांधवांस समुद्रात जावयास ओळखपत्र बाळगावे लागते, आणि ते बाळगतात. पुढाऱ्याकडे मात्र त्याच्या जबाबदारीचा दाखला कोणी मागत नाही. उद्या मत मागावयास जो दारी येईल, मग तो आपल्या जातीचा असो वा परक्या, त्यास घोंगडीवर बसवा, पाणी द्या आणि विचारा: आमच्या शिपायाच्या हातात आज काय आहे? किनाऱ्यावरची गस्तीची होडी चालू आहे की तेलावाचून बांधून ठेवली आहे? तपास करणारा अधिकारी लायकीने नेमला की वशिल्याने? आणि चूक झाली तर तुम्ही काय सोडाल, किती दिवस सोडाल? या प्रश्नांवर जो रागावेल त्यास ओटीवरूनच रामराम करा. जो उत्तर देईल, त्याचे उत्तर लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी त्यापुढे धरा.

हिरकणीला कडा ठाऊक होता. राजाने तिचे ऐकले. आज कडा ठाऊक असणारे कोळी, शिपाई, परिचारिका, घोडेवाले खूप आहेत. त्यांचे ऐकून बुरूज बांधील, आणि बांधला नाही तर खाली मान घालून गड उतरेल, असाच पुढारी आपणांस पाहिजे.