शेवटचे फळ

जपानची आगगाडी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे येते ती शिंकान्सेन. टोकियोहून ओसाकापर्यंतचे पाचशेहून अधिक किलोमीटर ती अडीच तासांत काटते. पण त्याच देशात अशीही एक गाडी आहे, की १३५ किलोमीटर जायला तिला साडेचार तासांच्या आसपास लागतात. तिच्या मार्गाचे नाव तादामी. फुकुशिमा प्रांतातल्या आइझू-वाकामात्सु शहरातून ती निघते, तादामी नदी पुनःपुन्हा ओलांडीत डोंगरात शिरते आणि पलीकडे नीगाता प्रांतात कोइदे स्थानकाशी उतरते. डिझेलवर चालणारे दोन डबे, आणि निवृत्त हेडमास्तर सकाळी फिरायला निघावेत तशी चाल!

फुकुशिमा हे नाव वाचून कोणी दचकू नये. ११ मार्च २०११च्या भूकंपाने आणि सुनामीने ज्या अणुवीजकेंद्राचा घात केला, ते याच प्रांतातले खरे. पण ते पूर्वेला समुद्रकाठी, आणि आइझू पश्चिमेला, डोंगरांच्या आड, शंभरएक किलोमीटर दूर. टोकियोत राहणाऱ्या माझ्या बहिणीनेही हेच सांगून माझे समाधान केले. २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो होतो. भाऊबिजेला सकाळीच ओवाळून घेतले, रात्री आइझूला मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, तिकडेही सुट्टी असल्यामुळे बहीण, मेहुणे, भाची आणि मी असे चौघे पहाटेच्या गाडीत बसलो. भाची बारा वर्षांची. मराठी तिच्या आईची, जपानी तिच्या शाळेची. म्हणून दुभाष्याचे काम तिच्याकडे. आणि आयुष्यभर मुलांना कविता समजावून सांगणारा तिचा मामा त्या दिवशी स्थानकांच्या पाट्यासुद्धा तिच्याकडून वाचून घेत होता.

शरदाचे वर्णन मी करणार नाही. आपला शरद म्हणजे चांदणे आणि ऑक्टोबरची उन्हाची तलखी. तिकडचा शरद म्हणजे डोंगरच्या डोंगर पेटणे. मेपल लाल, बीच पिवळे, मध्येच देवदारासारख्या सुगी वृक्षांची काळसर हिरवी रांग, आणि खाली नदी इतकी निश्चल, की सारे डोंगर तिच्यात उलटे टांगलेले. पुलावर आली की गाडी आपण होऊन हळू चालते, प्रवाशांना पाहता यावे म्हणून. सुट्टीमुळे डबा शहरी माणसांनी आणि कॅमेऱ्यांनी भरला होता. कापणी झालेल्या खाचरांत भाताचे खुंट तेवढे उरले होते.

वाटेत किरीची झाडे दिसली. आइझूचे किरीचे लाकूड नामांकित. मुलगी जन्मली की किरीचे रोप लावायचे आणि तिच्या लग्नात त्याच लाकडाची कपड्यांची पेटी करून द्यायची, अशी तिकडची जुनी रीत. मेहुण्यांनी ही माहिती मोठ्या प्रेमाने सांगितली. भाचीने विचारले, "मग बाबा, माझे झाड कुठे आहे?" मेहुणे खिडकीबाहेर पाहू लागले. टोकियोतल्या सातव्या मजल्यावर झाड लावायचे तरी कुठे?

पण मला त्या प्रवासातून बरोबर आणावेसे वाटले ते दुसरेच झाड, काकीचे. काकी हे फळ आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले, पण टोमॅटोएवढे आणि भगवे. आइझूच्या काकीला 'मिशिराझु' म्हणतात. म्हणजे 'स्वतःचा अंदाज नसलेले'. फांद्या मोडतील इतकी फळे धरते, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. मूळचे तुरट. त्यावर तिकडची दारू शिंपडून ते बंद करून ठेवतात, की काही दिवसांनी तुरटपणा जातो आणि फळ गोड होते. (हा तपशील पुण्याच्या आजीला कळवायचा नाही, असे भाचीने परस्पर ठरवून टाकले.)

एका लहानशा स्थानकावर एक म्हातारी बाई चढली. पाठ धनुष्यासारखी वाकलेली, हातात कापडी गाठोडे. भाचीने उठून जागा दिली आणि दोघींच्या गप्पा जमल्या. बाहेर एका घराशेजारी काकीचे झाड होते. पाने गळालेली, फळे उतरवलेली, फक्त अगदी शेंड्यावर एकच फळ. ते राहिले कसे, असे मी भाचीकरवी विचारले. बाई हसली. म्हणाली, ते राहिले नाही, ठेवले आहे. त्याला 'किमामोरी' म्हणतात, झाडाचा राखणदार. झाडाचे आभार म्हणून, पुढच्या वर्षी पुन्हा फळ यावे म्हणून आणि पाखरांसाठी. भाताच्या लोंब्या चिमण्यांसाठी दारात टांगणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे समजवायला नको.

थोडे पुढे गेल्यावर दुसरे झाड दिसले. ते नखशिखांत लगडलेले. मला वाटले, केवढे वैभव! पण बाईने मान हलवली. त्या घरात आता कोणी नाही, ती म्हणाली. फळे काढायला माणूस नाही. आणि पिकलेल्या फळांच्या वासाने डोंगरातली अस्वले वस्तीत उतरतात, म्हणून ती वेळीच उतरवा असे सरकारला लोकांना सांगावे लागते.

दोन्ही झाडांवर फळ शिल्लक होते. पण एकावर ते ठेवलेले होते आणि दुसऱ्यावर राहून गेलेले. २०२३च्या मोजणीत जपानमध्ये नव्वद लाख घरे रिकामी निघाली. तादामीच्या काठच्या कानेयामासारख्या गावांत निम्म्याहून अधिक माणसे पासष्टी ओलांडलेली आहेत. आमच्या कोकणातल्या घराचे कुलूप गणपतीपुरते निघते. तेव्हा परदेशात जाऊन हळहळण्याचा अधिकार मला थोडाच होता.

आता या गाडीचीच गोष्ट पाहा. या मार्गाचा एक तुकडा मुळात तागोकुरा धरणाचे सामान वाहण्यासाठी घातला गेला. त्या धरणाखाली एक गाव बुडाले, आणि वीज गेली ती दूरच्या शहरांना. १९७१ साली सबंध मार्ग जोडला गेला. पुढे जुलै २०११मध्ये, भूकंपाला चार महिने होतात न होतात तोच, अतिवृष्टीने नदी चढली आणि तिने तीन पूल वाहून नेले. आइझू-कावागुचि ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा तुकडा बंद पडला. आदल्या वर्षीच्या हिशेबाप्रमाणे त्या तुकड्यावरून दिवसाला सरासरी एकोणपन्नास माणसे जात. रेल्वे कंपनी म्हणाली, बस चालवू. हिशेबी माणूस दुसरे काय म्हणणार? पण गावांनी आणि प्रांताने ऐकले नाही. रूळ प्रांताने आपल्या मालकीचे करून घेतले, देखभालीचा खर्च स्थानिक संस्थांनी उचलला, दुरुस्तीला नऊशे कोटी येनांच्या आसपास लागले, आणि १ ऑक्टोबर २०२२ला, अकरा वर्षांनी, गाडी पुन्हा सबंध मार्गावरून धावली.

एवढा पैसा दवाखान्यांना दिला असता तर? हा प्रश्न मेहुण्यांनी विचारला, आणि तो खोटा नाही. गाडी आल्याने गेलेली मुले परत येत नाहीत. कॅमेरेवाले येतात, ते पाने गळली की जातात. मला याचे उत्तर देता आले नाही. एवढे मात्र दिसले, की वाटेत शेतातली, अंगणातली, पुलाखालची माणसे थांबून गाडीला हात करीत होती. तादामी गावाने तर गाडीला सर्वांनी हात हलवावा असा रीतसर नियमच केला आहे. न हलवल्यास काय शिक्षा, हे काही मी विचारले नाही.

बाई उतरली तेव्हा गाठोड्यातून दोन काकी काढून तिने भाचीच्या हातात ठेवल्या. फलाटावर ती एकटीच होती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवीत राहिली.

गावे ओस पडणे आपल्या हातात फारसे नसते. पोरे शहरात जाणार, कुलपे गंजणार. पण ओस पडता पडताही जे राहायचे ते नुसते राहून जाऊ द्यायचे की आपण होऊन ठेवायचे, एवढे तरी माणसाच्या हातात असते. रिकाम्या घराजवळचे लगडलेले झाड पाहताना पोटात कालवते. शेंड्यावरचे एकटे फळ पाहताना तसे होत नाही. तिथे कोणीतरी शिडीवर चढलेले असते, हात पुढे नेलेला असतो, आणि मग विचार करून मागे घेतलेला असतो.