गळाची माशी आणि कांठचें गवत

ज्या घरांत लसूणही दबकत शिरतो, त्या घरीं जाणाऱ्या मासिकांत मासे पकडण्याच्या विद्येवर लिहावें, हें कित्येक वाचकांस रुचणार नाहीं. आमच्या घरींच हा विषय काढतांच "आतां हेंच राहिलें होतें!" असा अहेर मिळाला. परंतु कल्याणीचा चालुक्य नृपति सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत 'मत्स्यविनोद' या नांवाचें प्रकरण असून त्यांत गळ, दोरी, काठी व निरनिराळ्या जातींच्या मत्स्यांस रुचणारीं आमिषें यांचें रीतसर विवेचन आहे. जें लिहिण्यास राजास संकोच वाटला नाहीं, तें नुसतें पाहण्यास निवृत्त शिक्षकानें कां लाजावें?

गेल्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस कन्या व जांवई यांनीं आम्हां उभयतांस अमेरिकेंतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान दाखविण्यास नेलें. १८७२ सालीं स्थापन झालेल्या त्या विस्तीर्ण उद्यानांतील उष्णोदकाचे फवारे पाहून झाल्यावर ईशान्येकडील लॅमार नदीच्या कांठीं दोन दिवस जाणें झालें. खोरें सुमारें साडेसहा हजार फूट उंचीवर. दोहों बाजूंस डोंगर, मध्यें पिवळें पडूं लागलेलें गवत. तेथील मूळचा ट्राउट 'कटथ्रोट', म्हणजे अक्षरशः गळेकापू. मात्र बिचाऱ्याचा दोष एवढाच कीं, त्याच्या गळ्याखालीं तांबडी रेघ असते. (मासा व माशी यांचें अनेकवचनीं सामान्यरूप मराठींत एकच होतें, घोटाळा नको म्हणून पुढें मत्स्यास ट्राउटच म्हणतों.)

या उद्यानांत जिवंत आमिष लावण्यास मनाई आहे. गळाला पिसें, केंस व दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी किंवा दुसरें एखादें कृत्रिम आमिषच लावावें लागतें. ही युक्ति जुनी आहे. मॅसिडोनियांतील लोक तांबडी लोंकर व कोंबड्याचीं दोन पिसें गळास बांधीत, असें प्राचीन रोममधील ईलियन या ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे. इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेल्या एका निबंधांत तर महिन्यांप्रमाणें बारा माशा सांगितल्या आहेत. पंचांगच म्हणा ना! आमच्या जांवईबापूंच्या डबींत मात्र चाळीसांवर माशा होत्या. त्यांपैकीं करड्या रंगाची 'अ‍ॅडम्स' ही लेन हॅलडे नांवाच्या गृहस्थानें १९२२ सालीं मिशिगन संस्थानांत बांधिली. ती कोणा एका कीटकाची हुबेहूब नक्कल नसून अनेकांसारखी थोडी थोडी दिसते. म्हणून कांहीं न सुचल्यास तीच लावतात. जांवईबापूंनीं सकाळभर ती लावून पाहिली, मग दुसरी, मग सातवी. ट्राउट ढुंकूनही पाहीना.

मी गवतांत बसलों होतों. अकराच्या सुमारास ऊन्ह चढलें आणि माझ्या धोतरावर एक नाकतोडा येऊन बसला, पाठोपाठ दुसरा. मग दरींतून वारा सुटला. एकानें उडी घेतली, ती वाऱ्यानें फसली, व तो पाण्यांत पडून पाय झाडूं लागला. 'गुडुप्' असा आवाज झाला आणि नाकतोडा नाहींसा झाला! मीं ओरडून सांगितलें, "अहो, डबींत काय पाहतां? इकडे कांठावर पाहा!"

ही गोष्ट अशी. वसंताच्या शेवटीं बर्फ वितळून या डोंगरी नद्या गढूळ होतात. पाणी निवळलें म्हणजे, वर्षभर अळीच्या रूपानें पाण्यांत राहिलेले कीटक थव्याथव्यानें पंख फोडून वर येतात. त्यांतले कित्येक हवेंत एखादा दिवसच जगतात. उन्हाळ्याच्या पूर्वार्धांत ट्राउटला ही आयतीच पंगत असते. ऑगस्ट सरतां सरतां मोठे थवे संपतात, पाणी उतरून स्वच्छ होतें, आणि शिधा नदींतून न येतां जमिनीवरून येऊं लागतो : नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे. त्यांतही वेळ पाहावी लागते. नाकतोडा गार सकाळीं आंखडून बसतो. तेव्हां त्याची प्रतिकृति टाकणें म्हणजे पहाटेस पानें मांडण्यासारखें आहे. सकाळीं अगदीं चिमुकली माशी, ऊन्ह तापल्यावर मुंगी, वारा सुटल्यावर नाकतोडा, आणि आभाळ आलें तर पुन्हां चिमुकली करडी माशी, असा साधारण क्रम. गळांचे क्रमांक उलटे चालतात, आंकडा मोठा तितका गळ लहान. नाकतोड्यास आठ ते बारा, मुंगीस चौदा ते अठरा, चिमुकल्या माशीस वीस किंवा त्याहून पुढचा.

आणखी एक गंमत. दुकानांत आपण माशी वरून पाहतों. ट्राउट ती खालून पाहतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळें त्याला बाहेरचें जग डोक्यावरच्या एका वर्तुळांतूनच दिसतें. तो एक हात खोल असेल, तर तें वर्तुळ सुमारें सव्वादोन हात रुंद. त्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे निव्वळ आरसा, आणि त्या आरशास खालीं दाबणारे पाय व पोट तेवढें आधीं दिसतें. म्हणून पाठीवरच्या रंगापेक्षां पोट पाण्यांत किती बसतें हें महत्त्वाचें. जांवईबापूंनीं ताठ उभी राहणारी सुबक माशी काढून ओबडधोबड, सपाट पोटाचा नाकतोडा लाविला, व तो कांठाच्या गवतालगत टाकिला. तिसऱ्या खेपेस कटथ्रोट लागला.

हात ओले करून त्यांनीं तो धरला. गळास उलटा काटा ठेवण्यास तेथें परवानगी नसल्यामुळें तो सहज सुटला, आणि ट्राउट पाण्यांत निघून गेला. मीं विचारलें, "खावयाचा नाहीं, तर फसवावयाचा कशाला?"

"अण्णा, याचें नीटसें उत्तर मजजवळ नाहीं. पण गळ टाकूं लागल्यापासून नदीचें पाणी किती तापलें, कांठावर काय उडतें, हें मी पाहूं लागलों. त्यापूर्वीं पाहत नव्हतों."

तर्कशास्त्राच्या दृष्टीनें हें उत्तर लंगडें आहे. मीं निम्मे गुण दिले. पुढें त्यांनींच सांगितलें कीं, बाहेरून आणून सोडलेला रेनबो ट्राउट मूळच्या कटथ्रोटशीं संकर करून त्याची जात बुडवितो. म्हणून लॅमारच्या वरच्या खोऱ्यांत तो लागल्यास सोडतां येत नाहीं, मारावाच लागतो. सौभाग्यवतींनीं विचारलें, "आणि तुम्हांला तो लागला तर?" जांवईबापू पाण्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशीं एक वाजतां ऊन्ह, वारा, नाकतोडे, सारें मनाजोगें जुळून आलें. माशी बांधून झाली. मग त्यांनीं उष्णतामापक पाण्यांत धरला. पारा ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सियस. पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायु कमी होतो; अशा वेळीं झुंजून थकलेला ट्राउट सोडला तरी पुष्कळदां मरतो. शेजारच्या मोंटाना संस्थानांत तर सलग तीन दिवस पाणी ७३ अंशांवर गेल्यास दुपारीं दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकण्यास बंदी घालतात. येथें तशी बंदी त्या दिवशीं नव्हती. जांवईबापूंनीं तरीही दोरा कापला, नाकतोडा माझ्या टोपीस टोंचून ठेविला व काठी मोडून पिशवींत घातली. आम्हीं गवतांत बसून कन्येनें आणलेल्या दशम्या व दाण्याची चटणी खाल्ली. वारा चांगलाच सुटला होता. 'गुडुप्, गुडुप्' असा आवाज मधून मधून येत होता, आणि प्रत्येक वेळीं जांवईबापूंची मान तिकडे वळत होती.