जाहीर आवाहन : यंदा पोरांच्या पुढे आपण उभे राहू

राहनाळमधील समस्त ग्रामस्थ, माता-भगिनी, भाडेकरू बांधव आणि विद्यार्थी मित्रहो,



सरकारी भरतीतल्या भ्रष्टाचाराविरुद्ध आपल्या गावातली मुले-मुली येत्या सोमवारी भिवंडीच्या प्रांत कार्यालयावर मोर्चा नेत आहेत. ती जाणारच आहेत, त्यांना आवाहनाची गरज नाही. हे पत्रक त्यांच्या आईवडिलांसाठी, काका-मामांसाठी, गोदामाच्या मालकांसाठी आणि निवृत्त मंडळींसाठी आहे.

मुले का चिडली आहेत, ते आधी समजून घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला. तपासात विभागातलेच अधिकारी सापडले. १२ डिसेंबर २०२१ ला म्हाडाची परीक्षा होती. तीही पेपर फुटल्यामुळे आदल्या मध्यरात्रीनंतर पुढे ढकलली गेली. तेव्हा एसटीचा संप चालू होता. पदरमोड करून परगावच्या केंद्रांवर पोचलेल्या मुलांना पहाटे मोबाइलवर कळले की आज परीक्षाच नाही. याच तपासाचे धागे पुढे शिक्षक पात्रता परीक्षेपर्यंत, म्हणजे टीईटीपर्यंत गेले आणि परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. कुंपणानेच शेत खाल्ले, ते असे.

आता आपल्या घरात डोकावू. राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे या पट्ट्यातली कितीतरी मुले रात्री गोदामात माल भरतात आणि दिवसा अभ्यासिकेत बसतात. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या गटाला एक हजार आणि राखीव गटाला नऊशे रुपये फी होती. राज्यभरातून दहा लाखांवर अर्ज आले, जागा साडेचार हजारांच्या आसपास. एवढ्या चुरशीत एक जागा विकली गेली, तरी ती रात्रपाळी करून शिकणाऱ्या कुणाच्या तरी ताटातून जाते. परीक्षा पुढे गेली की वयोमर्यादा काही त्याच्यासाठी थांबत नाही.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. २०१९-२० च्या टीईटीत साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर गैरप्रकाराचा ठपका ठेवून त्यांना अपात्र ठरवले गेले. दलालाच्या हातात लाखो रुपये असेच पडत नाहीत. ते कुणाच्या तरी बापाने जमीन विकून, आईने दागिने मोडून दिलेले असतात. गोदामांना जमिनी गेल्यापासून आपल्या भागातही ‘कुठे सेटिंग होईल का, रेट काय चाललाय’ ही भाषा ऐकू येते. पोरांनी रस्त्यावर भ्रष्टाचाराविरुद्ध घोषणा द्यायच्या आणि आपण घरात त्यांच्यासाठी दलाल शोधायचा, हे चालणार नाही. म्हणून पहिली मागणी आपल्याच घरांकडे आहे : राहनाळमधून कुणीही नोकरीसाठी पैसे देणार नाही. कुणी मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार करा.

दुसरी गोष्ट भीतीची. “मोर्चात जाऊ नको, केस लागेल,” असे आपण मुलांना सांगतो. ती भीती खोटी नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलावर गुन्हा दाखल झाला, तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी तोच आडवा येतो. पण मग ज्याला सर्वांत जास्त गमवायचे आहे, त्यालाच पुढे का ठेवायचे? ज्यांना आता कोणतीही परीक्षा द्यायची नाही, ते आपण पुढच्या रांगेत चालू. निवेदनावर पहिल्या सह्या आपल्या असतील. अधिकाऱ्यांशी बोलायला पाच ज्येष्ठ जातील आणि मुले त्यांच्या मागे शांतपणे उभी राहतील.

आपल्या आगरी समाजाला हे नवे नाही. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध शेते पडीक ठेवली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांबरोबर उरणची माणसे जमिनीसाठी उभी राहिली आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यांत थोरांनी तरुणांना एकटे सोडले नव्हते. मुलांनीही ताकद दाखवली आहे. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि लगेच २१ मार्चची नवी तारीख जाहीर झाली.

निवेदनातल्या मागण्या :

१. पेपरफुटीचे खटले ठरावीक मुदतीत निकाली काढावेत.
२. रद्द झालेल्या परीक्षेची फी अर्ज न मागता परत करावी आणि वाया गेलेला काळ वयोमर्यादेत धरावा.
३. भरती खाजगी कंपन्यांकडे न देता लोकसेवा आयोगामार्फत करावी.
४. परीक्षा आणि निकालाचे वार्षिक वेळापत्रक जाहीर करून ते पाळावे.

मोर्चाचे नियमही ठरले आहेत. पोलीस ठाण्याला आगाऊ पत्र दिले जाईल. रस्ता अडवायचा नाही, रुग्णवाहिकेला आधी वाट द्यायची. पक्षाचा झेंडा नको, कुणा एका माणसाविरुद्ध घोषणा नको. जे तपासात किंवा कागदावर आले आहे, तेवढेच बोलायचे. ऐकीव आरोप केले, तर खरे कागदही हलके होतात. निवेदनाची पोच घेतल्याशिवाय परतायचे नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून निवेदनाचे काय झाले ते विचारायचे.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता ग्रामपंचायत कार्यालयासमोर बैठक आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता तिथूनच निघू. गोदाममालकांना विनंती, त्या दिवशी परीक्षार्थी कामगारांचा खाडा धरू नका.

येताना आणखी एक करा. घरातल्या कपाटात, गादीखाली, जुन्या फायलीत रद्द झालेल्या आणि रखडलेल्या परीक्षांची हॉल तिकिटे पडून असतील. ती शोधून आणा. त्यांच्या प्रती निवेदनाला जोडायच्या आहेत. मुलाने किती वेळा फॉर्म भरला, हे ती शोधताना तुम्हालाही कळेल.

आपले नम्र,
राहनाळमधील पालक आणि परीक्षार्थी